पैलतीराला बांधलेली नाव

एका गावात एक नाव होती, पण नावाडी म्हातारा झाला होता.

गाव वाकणवाडी. नदी तिथे अशी वळली होती की गावाच्या तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला उभा कडा. कड्यावरून एक पायवाट जायची, पण ती रानातून एवढा फेरा घ्यायची की कोणी धडधाकट गडीही तिचे नाव काढत नसे. बाजार पैलतीराला, वैद्य पैलतीराला, लेकी दिलेल्या पैलतीराला. गाव तेवढे ऐलतीराला होते. त्यामुळे नावेवाचून गावाचे पान हलत नसे.

नदीही काही गरीब नव्हती. मधोमध मोठा भोवरा होता आणि खालच्या डोहात मगरी होत्या. पोहून जायचा विचारच नको. भोवऱ्याला बगल कशी द्यायची ते एकट्या नावाड्याला ठाऊक. गावातली माणसे नांगर धरणारी नाहीतर मडकी घडवणारी. वल्हे हातात घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

म्हाताऱ्या नावाड्याचे नाव धाकूतात्या. त्याचे हात थरथरू लागले, तसा गावाने नवा माणूस शोधला. नदीच्या खालच्या अंगाच्या एका वस्तीवरून केरबा आला. तरुण, खांद्यांनी भरलेला, नावेतच लहानाचा मोठा झालेला. त्याला मागे ना आई ना बाप. गावाने घाटावरची खोपी शाकारून दिली. पाटलांनी कांबळे दिले, कुंभारणीने चूल मांडून दिली. परका माणूस म्हणून कोणी हात आखडता घेतला नाही.

त्या गावात नावाड्याने काम सोडायची एक रीत होती. जाणाऱ्याने स्वतः नाव वल्हवत जायचे नाही. त्याने उतारू होऊन नावेत बसायचे आणि नव्या नावाड्याने त्याला पैलतीराला सोडायचे. रीत कोणी घातली कोण जाणे, पण घालणारा शहाणा असला पाहिजे. नवा माणूस भोवरा चुकवू शकतो हे सगळ्या गावाला डोळ्यांनी दिसायचे, आणि नाव पुन्हा ऐलतीराला यायची. धाकूतात्याही तसाच गेला. आधी कितीतरी दिवस केरबाच्या शेजारी बसून त्याने पाण्याच्या खोडी समजावून सांगितल्या. मग एका सकाळी गाठोडे मांडीवर घेऊन उतारूसारखा बसला आणि लेकीच्या गावी निघून गेला. घाटावर सगळे गाव जमले होते.

केरबाचे काम सुरू झाले. पैलतीराला माणूस आला की तो नावाड्याला नावाने हाक मारायचा, कारण एवढ्या पाण्यावरून दुसरे काही नीट ऐकूच येत नसे. “केरबाऽऽ!” अशी लांबलचक हाक यायची आणि केरबा वल्हे उचलायचा. दिवसभर त्याचे नाव पाण्यावरून येत राही. संध्याकाळी शेवटची खेप झाली की मात्र घाट ओस पडायचा. माणसे चढण चढून आपापल्या घरी जायची, घरांवर धूर दिसू लागायचा आणि केरबा खोपीपुढे एकटा उरायचा. आपलेही असे कोणी असते तर, असे त्याला तेव्हा फार वाटे.

त्या वेळी चिमाकाकी भाकरी घेऊन यायची. तिचे घर चढणीवरचे पहिलेच. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती, मूलबाळ नव्हते. तिला या जगात एक भाऊ होता, येसू. तो पैलतीरावरच्या उंचवट्यावर राहायचा. काकी अंगणात उभी राहिली की तिला माहेरची कौले दिसत. दिसत एवढेच, मध्ये नदी. धाकूतात्याचे हात गेल्यापासून तिचे जाणे सुटले होते.

“तू आलास, लई बरं झालं बाबा,” ती केरबाला म्हणायची. “न्हाईतर माहेर डोळ्यांम्होरं आन मी हितं, आसं झालं हुतं.”

आता ती दर बाजाराला जायची. भावाच्या ओसरीवर घटकाभर बसून परत यायची. येताना नावेत तिचा चेहरा निराळाच असायचा. केरबा तो पाहायचा आणि त्यालाही बरे वाटायचे.

असे काही दिवस गेले. फार नाही. कांबळ्याचा नवेपणाचा वास अजून गेला नव्हता, तोच एका संध्याकाळी शेवटच्या खेपेला पैलतीरावर एक घोडेस्वार उभा दिसला. राजधानीचा कारभारी होता तो. केरबाने भोवऱ्याच्या कडेकडेने नाव कशी काढली ते त्याने काठावरून पाहिले होते.

“महाराजांच्या मोठ्या नौकेवर वल्हेकरी हवेत,” कारभारी म्हणाला. “राहायला पक्की खोली, डोक्याला रेशमी पागोटे, दोन वेळचे सुग्रास जेवण. आमची माणसे उद्या सडकेने निघतील. दुपारच्या आत आलास तर जागा तुझी. नाही आलास तर दुसरे पुष्कळ आहेत.”

एवढे बोलून त्याने घोडा वळवला. विचार करायला सवड देणे हे मोठ्या लोकांच्या अंगात नसतेच.

केरबा अजून तिथेच उभा होता, इतक्यात उंचवट्यावरून एक माणूस धावत आला. चिमाकाकीचा भाचा, येसूचा मुलगा सयाजी. त्याला धाप लागली होती.

“केरबा, आत्याला सांग, आबांचं काय खरं न्हाई. सारखं तिचंच नाव घेत्यात. सकाळच्या पयल्या खेपेला तिला घिऊन ये.”

तोवर अंधारून येऊ लागले होते आणि अंधारात भोवऱ्याच्या वाटेने कोणी जात नसे. त्यामुळे काकीला लगेच आणणे शक्य नव्हते. उरल्यासुरल्या उजेडात केरबा परत आला, चढण चढून काकीच्या दारात गेला आणि निरोप सांगितला. तिने लगेच लुगडे, भावासाठी ठेवलेला गूळ, असे काहीबाही गाठोड्यात बांधायला घेतले.

“सकाळी हाईस न्हवं रं?” तिने विचारले.

“मी हाय की, काकी,” केरबा म्हणाला.

तो खोटे बोलला नाही. तेव्हा त्याला खरेच तसे वाटत होते.

पण खोपीत आडवा झाला आणि त्याचे मन त्याच्याशी बोलू लागले. मन काय, आपल्याला हवे ते बोलून दाखवायला नेहमी तयार असते. अशी जागा पुन्हा चालून येणार नाही, मन म्हणाले. रीत पाळायची तर नवा माणूस शोधा, त्याला शिकवा, तोवर राजधानीची जागा दुसऱ्या कोणाची झालेली असेल. आणि तू तर इथे नवाच. तुझ्यावाचून कोणाचे काय अडणार आहे? तू येण्याआधीही गाव चालतच होते.

शेवटचे म्हणणे केरबाला फार पटले. गाव चालत होते खरे, पण ते धाकूतात्या होता म्हणून. आता धाकूतात्या नव्हता. नव्या माणसाला आपण नवे आहोत एवढेच दिसते. आपल्या आधीचा माणूस उठून गेला आहे आणि त्याच्या जागेवर आपण बसलो आहोत, हे त्याला दिसत नाही. केरबालाही ते दिसले नाही.

निदान पाटलांना सांगून जावे, असे त्याला वाटले होते. पण पाटील रागावले असते तर एक वेळ बरे. रागावलेल्या माणसाशी भांडता येते. पाटील रागावले नसते. त्यांनी खाली पाहून फक्त “बरं” म्हटले असते, आणि अंगावर त्यांचेच कांबळे. कुंभारीण दारात येऊन उभी राहिली असती. त्या सगळ्यांपुढे आपले तोंड कसे होईल, या विचारानेच त्याला घाम फुटला. त्याने कांबळ्याची घडी घातली, चुलीजवळ नीट ठेवली आणि उजाडता उजाडता, घाटावर कोणी यायच्या आत, नाव सोडली.

भोवरा चुकवायला एवढा उजेड पुरेसा होता. नाव रिकामी असल्याने वल्हे हलके चालत होते. मधल्या धारेत त्याला चिमाकाकी आठवली. त्याने मागे वळून पाहिले. घाटावर अजून कोणी नव्हते. परत फिरावे तर ऊन वर येईल, मडकी घेऊन कुंभार येतील, पाटील येतील, मग सांगावे लागेल. ‘नेईल कोणीतरी तिला,’ तो स्वतःशीच म्हणाला. कोण नेईल, याचा विचार त्याने केला नाही.

पैलतीराला पोचल्यावर त्याने नाव उंबराच्या मुळाला बांधली. वाहून जाऊ नये म्हणून दोन गाठी जास्त मारल्या. एवढी काळजी मात्र त्याने घेतली! मग सडक धरली.

थोड्या वेळाने चिमाकाकी गाठोडे घेऊन घाटावर आली. खोपीचे दार उघडे होते. तिला वाटले, केरबा दुसऱ्या कोणाला सोडायला गेला असेल, येईल इतक्यात. ती पायरीवर बसली. मग तिला नाव दिसली. समोर, पैलतीराला, उंबराखाली बांधलेली. नावेत कोणी नव्हते.

तिने हाक मारली. “केरबाऽऽ!” पुन्हा मारली. हळूहळू गाव जमले. कोणीतरी खोपीत जाऊन पाहिले आणि घडी घातलेले कांबळे बाहेर आणले. काकी तेवढी हाका मारत राहिली. इतर सगळ्यांना कळले होते, तिला कळून घ्यायचे नव्हते.

पैलतीरावर सयाजी आला. त्याने नाव सोडली आणि बळ लावून वल्हवायचा प्रयत्न केला. भोवऱ्याने तिला गरगर फिरवून पुन्हा त्याच काठाला आणून टाकले. जीव वाचला हेच पुष्कळ. तो काठावर उभा राहून दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत राहिला, पण पाण्याच्या आवाजात एक अक्षर कळेना. या असे म्हणत होता, की आता येऊ नका असे, ते काकीला समजेना. इकडून तीही हात हलवत होती. मध्ये नदी वाहत होती, तिला कोणाचे काय!

पाटलांनी दोन गडी कड्याच्या वाटेने धाडले. फेरा घेऊन, खालच्या वस्तीवरचा एखादा कोळी गाठून नाव आणायला. ते जाऊन येईपर्यंत व्हायचे ते होऊन गेले.

ऊन कलल्यावर उंचवट्यावरून माणसे खाली उतरताना दिसली. चौघांच्या खांद्यावर येसू होता. पलीकडच्या गावाचे मसण नदीकाठीच होते, घाटाच्या बरोबर समोर. चिमाकाकीने आपल्या भावाचे सगळे इथून पाहिले. लाकडे रचलेली पाहिली, सयाजीला प्रदक्षिणा घालताना पाहिले, धूर पाहिला. बायका तिला घरी चल म्हणत होत्या. ती उठली नाही. सगळे आटोपल्यावर ती लुगड्यानिशी पाण्यात उतरली, आणि भावाच्या नावाने ओंजळभर पाणी तिने ऐलतीरावरूनच सोडले.

इकडे केरबा राजधानीला पोचला. अशा गोष्टींत सोडून गेलेल्या माणसाचे पुढे वाटोळे झाले असे सांगायची पद्धत आहे. केरबाचे काही वाटोळे झाले नाही. कारभाऱ्याने कबूल केलेले सगळे त्याला मिळाले. खोली पक्की होती, पागोटे रेशमी होते, जेवणात तूप होते. काम हलके होते, कारण वल्हेकरी पुष्कळ होते आणि राजधानीची नदी संथ होती.

फक्त तिथे त्याला नाव नव्हते. वल्हेकऱ्यांच्या दोन रांगा असत आणि देखरेख करणारा मुकादम त्यांना जागेवरून ओळखायचा. “उजवा पाचवा, जोर लाव!” म्हणजे केरबाने जोर लावायचा. महाराज आणि पाहुणे त्यांच्या पाठीमागे गाद्यांवर बसत. केरबाला ते कधी दिसले नाहीत आणि त्यांना केरबाची फार तर पाठ दिसली असेल. शेजारचा वल्हेकरी आजारी पडून गेला, त्या जागी दुसरा आला, तोही डावा-उजवा-पाचवा-सहावा होऊन बसला. कोण गेले, कोण आले, कोणी विचारले नाही. आपण गेलो तरी इथे कोणी विचारणार नाही, हे केरबाला कळून चुकले. संध्याकाळी तो नदीच्या पायऱ्यांवर बसायचा. हजारो माणसे त्याच्यासमोरून जायची. कुठे कोणी कोणाला हाक मारली की तो उगाच मान वर करायचा.

शेवटी त्याने रजा घेतली. वाकणवाडीला जायचे, चार दिवस राहायचे, ओळखीच्या तोंडून आपले नाव ऐकायचे. त्याने पाटलांसाठी उपरणे घेतले, काकीसाठी लुगडे घेतले, गावासाठी पेढे घेतले. राग असलाच तर एवढ्या दिवसांत निवला असेल, असा त्याचा हिशेब होता.

पैलतीराला येऊन पाहतो तर उंबराशेजारी एक जाड खुंट रोवलेला, आणि त्याला बांधलेला अंबाडीचा दोर पाण्यावरून थेट पलीकडे ताणलेला. गावाने पुन्हा नावाडी ठेवला नव्हता. सगळ्यांनी मिळून दोर वळला होता. ज्याला जायचे त्याने नावेत बसून दोर ओढत जायचे. नाव दोराला धरून राही आणि भोवरा तिला ओढू शकत नसे. नाव पलीकडे, घाटाला होती.

हाक कोणाच्या नावाने मारावी हे केरबाला कळेना. “ओऽऽ!” असे तो नुसतेच ओरडला.

घाटावर एक बारीक आकृती उठली, नावेत बसली आणि दोर ओढू लागली. नाव सावकाश येत होती. मध्येच थांबे, पुन्हा निघे. जवळ आल्यावर केरबाने ओळखले. चिमाकाकी होती. तिचे तळहात दोराने सोलून राठ झाले होते.

“कोन, केरबा?” ती म्हणाली. “बस.”

“काकी, तुमी का आलासा? गावात गडीमाणूस न्हाई व्हय?”

“हायती की. शेतात गेल्याती. घाटाव मी आसती. पल्याडनं हाक आली की कुनीतरी याया पायजे.”

तो बसला. दोर ओढायला त्याने हात पुढे केला, पण तिने मानेनेच नको म्हटले आणि स्वतःच ओढू लागली. केरबाला गप्प बसवेना.

“येसूमामा बरं हायती न्हवं?” त्याने विचारले.

तिने त्याच्याकडे पाहिले. त्याला ठाऊक नव्हते, हे तिच्या ध्यानात आले. मग दोर ओढता ओढता तिने त्या दिवसाचे सगळे सांगितले. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही. ऐकता ऐकता केरबाची मान खाली गेली. मांडीवरचे लुगडे त्याने हळूच पाठीमागे सारले.

“काकी, मला जायाचंच हुतं,” तो कसाबसा म्हणाला. “तसली जागा परत मिळाली नसती.”

“मग जायाचं,” काकी म्हणाली. “तरनं पोर तू. चांगलं मिळतंय तर जाऊ ने व्हय? कुनी आडीवलं नसतं तुला. पाटलानं उलट वाटंला भाकरी बांधून दिली आसती.”

केरबाला जरा धीर आला. तिने माफ केले असे त्याला वाटले. त्याने मान वर केली.

नाव मधल्या धारेत आली होती. काकीने दोर धरून नाव थांबवली.

“एकच इचारायचं ऱ्हायलंय. येवढ्या दिसांत दुसऱ्या कुनाला इचारता येत न्हवतं. त्या सकाळी तू गेलास, तवा नावंत तुज्यासंगं कोन हुतं?”

“कुनी न्हाई, काकी.”

“तूबी पल्याडच चालला हुतास. मलाबी पल्याडच जायाचं हुतं,” काकी म्हणाली. “मग मला का न्हाई बसीवलंस रं?”

मग तिने पुन्हा दोर ओढायला घेतला.

तात्पर्य: चांगले मिळत असेल तर माणसाने अवश्य जावे, पण सांगायची लाज वाटते म्हणून चोरासारखे जाऊ नये. सांगून गेलेल्यावर लोक रागावतात आणि विसरूनही जातात; न सांगता गेलेल्याची ते वाट पाहत बसतात, आणि त्या वेळात त्यांचे जे जाते ते नंतर कोणाला भरून देता येत नाही.